पहिलं आमंत्रण व्याह्यांना

आमच्या व्यायामशाळेच्या वार्षिक समारंभाची एक पत्रिका मी ताईच्या सासरी, कल्याणला, पोस्टाने धाडली. कुणी सांगितलं नव्हतं. अक्षर माझं, शाई माझी, पत्ता माझ्या तोंडपाठ, आणि डोकंही माझंच. म्हणजे त्या वयात जे काही होतं ते. गाढवपणाला वय असतं असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत ते वय बरंच लांबलं, पण त्याचा सर्वांत मोठा हप्ता मी तेराव्या वर्षीच भरला.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे कौलारू घरं, घराला विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे लगेच भातखाचरं. ठाकुर्लीच्या वीजघराची चिमणी आमच्या ओटीवरून दिसायची. वीज तयार होताना दिसायची, घरात मात्र रॉकेलचे कंदील. कंदिलाच्या काचा पुसण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि मी महिन्याला एक काच फोडायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाण्याला कोर्टात कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांची खोटी प्रतिज्ञापत्रं हाताळून त्यांना खोट्याची शिसारी बसली होती. घरात कुणी ‘दूध मांजराने सांडलं’ म्हटलं तरी ते मांजराला बोलावून घेतील की काय असं वाटायचं. आई कमी बोलायची. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा जो आवाज व्हायचा, त्यावरून तिचा राग-लोभ ओळखायचा, ही आमची पद्धत.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाव कुसुम. तिचं लग्न कल्याणला झालं होतं, आणि रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला ती सातव्या महिन्यात माहेरी आली. येताना डब्यातून सासूबाईंनी दिलेल्या करंज्या आणल्या होत्या. त्यातल्या निम्म्या मी स्टेशनपासून घरापर्यंतच्या वाटेत संपवल्या. तेव्हा ती इतकी हसली की तिला पोट धरून पारावर बसावं लागलं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ते हसणं पुढे फार दिवस कुणाला ऐकू आलं नाही.

मूल झालं आणि नवव्या दिवशी गेलं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं, म्हणून त्याला नाव नाही. आजही त्याची आठवण निघाली की मला ‘ते’ म्हणावं लागतं. आईने बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू करून ठेवले होते, मोठ्या पितळी डब्यात. ताईने त्यांना हात लावला नाही, आणि आईला तो डबा उघडवेना. पंधरा-वीस दिवसांनी तो रिकामा सापडला. अळीव बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, हे मला नंतर कळलं. मी ते सगळे एकट्याने खाल्ले होते. आईने रिकामा डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, डबा घासून उपडा घातला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ताई बोलेनाशी झाली. म्हणजे ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’ एवढंच. माजघरातल्या खिडकीशी बसायची आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, बाटलीभर लाल औषध देतील म्हणून मी पेला धुऊन उभा होतो, तर ते म्हणाले, “औषध नाही. हिला घरात बसवू नका. हातपाय हलू देत, घाम येऊ दे, चार पोरींत मिसळू दे. निदान सहा महिने तरी मोकळं ठेवा.”

अण्णा म्हणाले, “सासरी काय कळवायचं?”

“ते तुम्ही बघा,” डॉक्टर म्हणाले. “मी तब्येतीचं सांगितलं.”

अण्णांनी ते पाहिलं, आणि कसं, ते मला ठाऊक आहे. कारण ती पत्रं मीच लिहिली. अण्णांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, आणि माझं मोत्यासारखं आहे असं माझ्या मास्तरांनी एकदा चुकून म्हटलं होतं. तेव्हापासून घरातला सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे. महिन्यातून एकदा अण्णा पाठीमागे हात बांधून भिंतीकडे तोंड करत आणि सांगत, “लिही. चि. सौ. कुसुम हिची प्रकृती अद्याप नाजूक असून चार पावले चालताच धाप लागते. तूर्त पाठवणे शक्य दिसत नाही. क्षमस्व.” आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाला भिंतीशीच खोटं बोलता येत होतं. मी मात्र ‘क्षमस्व’मधला ‘क्ष’ किती झोकदार आला ते पाहण्यात दंग असे.

व्यायामशाळेत तेव्हा नुकताच मुलींचा वर्ग सुरू झाला होता. मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी तीन ते पाच, पुरुष मंडळी कचेऱ्यांत असताना. रस्त्याच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा. शिकवायला इंदूताई, मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका, सायकलवरून येणाऱ्या, त्यामुळे अर्ध्या गावाच्या लाडक्या आणि उरलेल्या अर्ध्याच्या डोळ्यांत खुपणाऱ्या. लेझीम, फुगड्या, खो-खो असं सगळं त्या घेत. लेझमीला हलगी हवी. वाजवणारा मोठा बाप्या चालायचा नाही, म्हणून माझी नेमणूक झाली. लायकी म्हणाल तर अशी : मल्लखांबावरून दोनदा डोक्यावर पडलो होतो, हुतुतूत माझा दम मधल्या रेषेपाशीच संपायचा, आणि जोर काढताना मला झोप लागली होती. व्यायामशाळेला माझ्या हाती देण्याजोगी एक हलगीच उरली होती. तीही पहिल्याच दिवशी तापवायला म्हणून जाळावर धरली ती इतका वेळ, की चामड्याला भोक पडलं.

शिवाय मला एक खोड होती. घाबरलो किंवा कुणी पाहतंय असं वाटलं की माझा हात पळू लागे. इंदूताई पलीकडून ओरडत, “सद्या, गाडी पकडायची आहे का तुला? पोरींचे पाय आहेत रे, घोड्यांचे नाहीत!”

आईने ताईला तिथे अक्षरशः हाताला धरून नेलं. पहिले दोन आठवडे ताई आडोशाच्या कडेला बसून राहिली. इंदूताईंनी एक लेझीम तिच्या मांडीवर नुसती ठेवून दिली होती. तिसऱ्या आठवड्यात मी ऐटीत हलगीच्या दोन्ही काड्या हवेत फिरवायला गेलो आणि त्यातली जाड काडी माझ्याच नाकावर सण्णकन बसली. रक्त आलं, मी भोकाड पसरलं, आणि तेवढ्यात मागून एक आवाज आला. ताई हसत होती. सगळ्या पोरी गप्प झाल्या. कारण तिचं काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले, आणि मग ते हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते कुणाला सांगता आलं नसतं. इंदूताई तिच्याजवळ गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, “नाक पूस आणि वाजव. सावकाश वाजव.” मी वाजवायला लागलो. ताई उठली, पदर खोचला, आणि लेझीम उचलली.

त्यानंतरचे तीन महिने मला एखाद्या सणासारखे आठवतात. ताईचं अंग मुळातच तालाचं होतं. लेझमीचा खुळखुळाट चुकून पुढे-मागे झाला असं तिच्या बाबतीत कधी व्हायचं नाही. पुढे झुकून उठताना ती मान अशी काही वळवायची की मागच्या बाराजणी आपसूक वळत. इंदूताईंनी तिला पथकाच्या पुढे उभं केलं. घरी येताना तिचा चेहरा लाल झालेला असे, कपाळावर केस चिकटलेले असत. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, “आई, भाकरी आहे का गं अजून?” आई “आणते हं” म्हणून आत गेली, आणि भाकरीसारखी भाकरी आणायला तिला इतका वेळ लागला की अण्णांनी मला खुणेने गप्प बसवलं. आतून बांगड्यांचा आवाजही येत नव्हता.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आता सकाळी बायका गाण्यावर नाचतात. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, मन हलकं राहतं. माझी सून जाते. परवा मला म्हणाली, “बाबा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?” मी ‘नव्हतं’ म्हणालो. खरं सांगायला बसलो असतो तर तिचा वर्ग बुडाला असता.

समारंभ ठरला. पत्रिका छापायला पैसे कोण देणार, म्हणून त्या हाताने लिहायच्या ठरल्या आणि अर्थातच त्या माझ्याकडे आल्या. चाळीस कोरी कार्डं. इंदूताईंनी गावातल्या मंडळींची नावं सांगितली, ती छत्तीस भरली. चार कार्डं उरली. शहाण्याने ती परत केली असती. मी घरातली ताईच्या लग्नाची वही काढली, ज्यात आमंत्रणांची यादी होती. आमच्याकडे मुंज असो, सत्यनारायण असो, नाहीतर नुसता आमरस असो, पहिलं आमंत्रण व्याह्यांना. ते चुकलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागे. यादीत पहिलं नाव ताईच्या सासूबाईंचं होतं. मी रीत पाळली. कार्यक्रमपत्रिकेत ‘लेझीम : महिला पथक’ असं होतं, त्याखाली मी आपल्या मनाने, भोवती वेलबुट्टी काढून, ‘पथकप्रमुख : सौ. कुसुम’ असं लिहिलं. सुनेचं नाव वाचून त्यांना किती अभिमान वाटेल, या विचाराने मला गहिवरून आलं होतं. महिन्याभरापूर्वी त्याच बोरूने, त्याच पत्त्यावर ‘चार पावले चालताच धाप लागते’ असं मी लिहिलं होतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तुम्हाला खोटं वाटेल. अण्णांनाही वाटलं नसेल का, मी मुद्दाम केलं असं? त्यांनी कधी विचारलं नाही.

समारंभ रविवारी दुपारी होता. मैदानात फक्की मारलेली, पुढे सतरंज्या, मागे बाकं. आधी मुलांचा मल्लखांब झाला, मग जोडी-मुद्गल. मी हलगी शेकत होतो, या खेपेला बेताने. ताईचं पथक आत आलं; हिरव्या काठाची नऊवारी, कासोटे घट्ट, आणि सगळ्यांच्या पुढे ताई. मी ठेका धरला. पहिला डाव झाला, दुसरा झाला, टाळ्या पडल्या. मग मी सहज समोर पाहिलं.

पहिल्या सतरंजीवर, आईच्या शेजारी, ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना कल्याणच्या काकू म्हणत असू. मागे बाकाच्या टोकाला भाऊजी, ताईचे यजमान. आईचा चेहरा असा झाला होता की मला तो आजही समोरून बाजूला करता येत नाही. ताईनेही त्याच क्षणी पाहिलं असावं. तिचं पाऊल एक मात्रा अडलं. चुकलं नाही, नुसतं अडलं. मग तिने मान वर केली आणि पुढचा डाव सुरू केला. शेवटचा डाव संथ होता, दोनदा घ्यायचा होता. इंदूताईंनी तो ताईसाठीच बसवला होता. त्यात ती एकटी मध्ये येई आणि बाकीच्या तिच्याभोवती फिरत. पण माझा हात पळू लागला. हे लवकर संपलं तर काकू लवकर उठतील आणि काहीतरी टळेल, असं काहीतरी मला वाटत होतं. इंदूताई हाताने ‘सावकाश, सावकाश’ करत होत्या. मी डाव एकदाच घेतला, शेवटचा ठोका दिला आणि थांबलो. पोरी गोंधळून थांबल्या. ताई मध्यभागी लेझीम उचललेल्या हातांनी तशीच उभी राहिली, मग तिने हात खाली घेतले.

काकू आईला म्हणाल्या, “छान खेळते हो तुमची लेक.” त्यात कुजकेपणा नव्हता. त्यांना खरोखरच छान वाटलं होतं, म्हणून तर ते अधिक लागलं.

मी हलगी पिशवीत घालत होतो तेव्हा भाऊजी जवळ आले. सज्जन, बारीक आवाजाचा माणूस. म्हणाले, “सदू, रोज हसते का रे अशी?”

मी म्हटलं, “रोज! का, तुमच्याकडे नाही हसत?”

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. माझ्या खात्यात त्या दिवशी एक गाढवपणा पुरेसा नव्हता.

रात्री मुक्काम आमच्याकडेच झाला. सकाळी चहा झाल्यावर काकूंनी पिशवीतून दोन कागद काढले आणि अण्णांच्या समोर पाटावर शेजारी शेजारी ठेवले. एक पत्र, एक पत्रिका. दोन्हींवर माझं मोत्यासारखं अक्षर.

“मी भांडायला आले नाही, अण्णा,” काकू म्हणाल्या. “माझे गुडघे गेलेत. घरात सात माणसं जेवायला, आणि लाटणारे हात दोन. पोरगी आजारी आहे म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडं धरत होते. तुम्ही खरं लिहिलं असतंत तर कदाचित मीच म्हटलं असतं, राहू दे. पण तुम्ही मला खोटं लिहिलंत.”

 अण्णांनी ते दोन कागद उचलले, एकावर एक नीट ठेवले आणि खाली पाहत राहिले. कोर्टात त्यांनी असे कितीतरी लोक उभे राहिलेले पाहिले असतील.

बातमी कळून इंदूताई सायकलवरून धापा टाकत आल्या. म्हणाल्या, “आणखी दोन महिने द्या हो तिला. आत्ताशी कुठे सावरतेय.”

“बाई, तुमच्या मैदानात उड्या मारायला ताकद आहे, मग माझ्या घरात पोळ्या लाटायला नसेल?”

“ती ताकद इथे खेळते म्हणून आहे,” इंदूताई म्हणाल्या.

काकूंना ते कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा आमच्यातल्याही कुणाला धड कळलं नसेल. दारात ताई उभी होती. म्हणाली, “मी जाते.” बस्स. कुणाशी रागावली नाही, माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ट्रंक भरून झाल्यावर मला हाक मारली आणि लेझीम हातात दिली. “ही देऊन ये रे व्यायामशाळेत. दुसऱ्या कुणाला लागेल.” दांड्याला तिने हात घसरू नये म्हणून जुन्या साडीचा निळा काठ गुंडाळला होता. मी ती छातीशी दाबून नेली, वाजू नये म्हणून. पण लेझीम आहे ती, पावलागणिक वाजत गेली. व्यायामशाळेत पोचलो आणि परत फिरलो. ती आजही माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या कुणाला लागली असेल तर तिलाही माझ्यामुळे ती मिळाली नाही.

डोंबिवलीहून कल्याण म्हणजे मध्ये एक ठाकुर्ली. भाऊबीजेला गेलो तर ताई पुन्हा तशी झालेली. ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’. ओवाळताना ताटातलं निरांजन हललं नाही, इतके तिचे हात स्थिर होते. पुढे दोन मुलगे झाले, घर वाढलं, ती वरवर पाहता सावरली. काकूंचं तिने शेवटपर्यंत केलं, मनापासून केलं. पण घरासमोरून लेझमीची मिरवणूक जायची तेव्हा ती उठून आत जायची. एकदा मी मागोमाग गेलो. ती स्वयंपाकघरात परातीपुढे बसली होती, कणीक तशीच, आणि साडीखाली पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरत होता. मला पाहून तो थांबला.

घरी मला कुणी रागावलं नाही. एवढंच झालं की अण्णा त्यानंतर सगळी पत्रं स्वतःच लिहू लागले, त्या न लागणाऱ्या अक्षरात. मी दौत भरून ठेवायचो. अण्णा ती वापरायचे.

ताई वारली, त्याच्या आदल्या वर्षी मी तिच्याकडे दोन दिवस राहिलो होतो. ती अंथरुणावर, मी खुर्चीत. दोघांचे मिळून चार गुडघे, त्यातला धड एकही नाही. साठ वर्षं जे घशात अडकलं होतं ते मी शेवटी बाहेर काढलं. म्हटलं, “ताई, ती पत्रिका मी धाडली होती. तेव्हापासून...”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय वेलबुट्टी कोण काढणार?”

“मला माफ कर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच इतका वेळ पाहिलं.

“पत्रिकेचं काय घेऊन बसलास,” ती म्हणाली. “आज ना उद्या मला जायचंच होतं. तुला अक्कल नव्हती, ती कुणी मागितलीही नव्हती. पण शेवटचा डाव दोनदा होता, सद्या. तू एकदाच वाजवलास. हलगी काही तुला कधी आली नाही.”